महागडी केबल घ्यायच्या आधी: वायरनं आवाज कधी बदलतो अन् ते घरीच कसं तपासायचं

नवीन सिस्टीम घेतली की आठ दिवसात हा प्रश्न येतोच, की भाऊ केबल कोणती टाकू. दुकानात अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरचा सौदा झाला की शेवटी एक डबी निघते, आत कापडी जाळी चढवलेली जाड केबल, सोनेरी पिना, आणि किंमत अशी की तेवढ्यात सेकंडहँड स्पीकरची अजून एक जोडी यावी. आणि वर "ह्याच्याशिवाय ह्या स्पीकरला मजा नाही" असं सांगतात, मग माणूस विचारात पडतो.

माझं उत्तर सरळ आहे. केबलनं आवाज बदलतो, पण चार-पाच ठराविक कारणांनीच बदलतो, ती सगळी कारणं घरी बसून शोधता येतात, आणि ती एकदा दूर केली की त्याच्यापुढं केबलवर घातलेला पैसा कानापर्यंत पोचत नाही. ही कारणं आपल्या घरात आहेत का ते कसं बघायचं तेवढं खाली सांगतो. सामान फार लागत नाही: साधं डिजिटल मल्टिमीटर, ब्लेड, लायटर, स्क्रूड्रायव्हर, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि शेवटच्या टेस्टसाठी घरातलं कुणीतरी एक माणूस जे तासभर तोंडावर काही दिसू देणार नाही.

जाडी आणि लांबी

सुरुवात स्पीकरच्या वायरपासून, कारण खरा फरक सगळ्यात जास्त इथंच सापडतो. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत करंट जातो आणि परतही येतो, त्यामुळं दहा मीटर वायर म्हणजे वीस मीटर तांबं झालं, हे लोक विसरतात. हिशोब असा: लांबी मीटरमध्ये घ्या, ०.०३५ नं गुणा, आणि वायरच्या एमएमनं भागा. एमएम म्हणजे आपला इलेक्ट्रिशियन दीड एमएम, अडीच एमएम म्हणतो तेच, खरं तर ते चौरस मिलिमीटर असतात. उत्तर येतं ते ओहममध्ये, जाणं-येणं दोन्ही धरून.

आता सिस्टीमसोबत फुकट येते ती बारीक लाल-काळी वायर घ्या, बाजारात १४/३८ म्हणून मिळते तसली, म्हणजे आत ३८ गेजच्या १४ तारा. सगळं मिळून तिच्यात तांबं भरतं जेमतेम पाव एमएम. टीव्हीच्या कपाटापासून हॉलला वळसा घालून मागच्या भिंतीपर्यंत ती दहा मीटर ओढली की झाले १.४ ओहम. तुम्ही म्हणाल ८ ओहमच्या स्पीकरला १.४ नं काय होतंय, आवाज थोडा कमी येईल, व्हॉल्यूम वाढवू. पण गोष्ट तिथं थांबत नाही ना. स्पीकरवर ८ ओहम छापलेलं असतं ते निस्तं नावापुरतं, प्रत्यक्षात त्याचा इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो, कुठं ४ ओहमपर्यंत उतरतो आणि खाली बेसच्या रेझोनन्सला ३० ओहमपर्यंतसुद्धा चढतो. जिथं ४ आहे तिथं ही वायर अडीच डेसिबल खाऊन टाकते, जिथं ३० आहे तिथं अर्धा डेसिबलसुद्धा खात नाही. म्हणजे आवाज नुसता बारीक होत नाही, त्याचा तोलच बदलतो, दोन डेसिबलच्या वर, आणि एवढा फरक कुणालाही ऐकू येतो, त्याला काही तयारीचे कान लागत नाहीत. "वायर बदलली आणि आवाज मोकळा झाला" असं जे लोक सांगतात ते अशा घरात शंभर टक्के खरं असतं, फक्त श्रेय डबीवरच्या नावाचं नाही, जाडीचं असतं. तेच दहा मीटर साध्या अडीच एमएम तांब्यानं ओढलं तर ०.१४ ओहम, आणि तोलातला फरक पाव डेसिबलच्या आसपास. तेवढं सोडून द्या.

नियम लक्षात ठेवायचा तो एकच, वायरचा एकूण रेझिस्टन्स स्पीकरच्या सगळ्यात कमी इम्पिडन्सच्या पाच टक्क्यांच्या आत पाहिजे. ४ ओहमपर्यंत उतरणारा स्पीकर असेल तर ०.२ ओहमच्या आत. पाच मीटरपर्यंत दीड एमएम, दहापर्यंत अडीच, आणि पंधरा मीटर ओढायची असेल तर चार एमएम, एवढं धरून चाला, घरात याच्यापुढं काही लागत नाही.

टाकून ठेवलेली वायर तपासायची असेल तर अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, वायर दोन्हीकडून सोडवा, स्पीकरकडची दोन टोकं एकमेकांना जोडा आणि इकडून मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजला लावून बघा. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकांना टेकवून किती दाखवतोय ते बघायचं आणि तेवढं वजा करायचं. स्वस्त मीटरला ०.१ च्या खालचं दिसत नाही, पण आपल्याला फक्त वायर दोषी आहे का हे बघायचंय, ०.५, ०.८, १ असं काही आलं तर दोषी सापडला.

एक गोष्ट इथंच सांगतो कारण ती लई जण विचारतात. सप्ताहात अर्ध्या गावात भोंगे लावतात, बारीक वायर खांबाखांबावरनं ओढलेली असते आणि तरी कीर्तन शेवटच्या गल्लीपर्यंत स्वच्छ येतं, मग घरात काहून जाड वायर पाहिजे? तर तिथं अ‍ॅम्प्लिफायर १०० व्होल्टच्या लाइनवर चालतो आणि प्रत्येक भोंग्याला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. १०० वॅट पाठवायला तिथं १ अँपिअर पुरतो, घरच्या ८ ओहमला तेवढ्यालाच साडेतीन अँपिअर लागतो. वायरमधला तोटा करंटच्या वर्गानं वाढतो, म्हणजे त्याच वायरमध्ये घरच्या जोडणीला बारापट जास्त. म्हणून सप्ताहवाल्याची वायर बघून घरची ठरवू नका.

तांबं आहे का ते बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण सध्या बाजारात बाहेरून तांबं आणि आतून अ‍ॅल्युमिनियम अशी वायर भरपूर आहे, सीसीए म्हणतात तिला. दिसायला एकदम तांबूस, बोटाएवढी जाड, पारदर्शक कव्हरमधून चमकायली असते, आणि रेझिस्टन्स मात्र तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपट. त्यातून कव्हरच जाड करून आत तारा कमी भरलेल्या असल्या तर मग विचारूच नका.

तपासायचं असं: टोकाची एक तार वेगळी काढा, ती ब्लेडच्या धारेखाली धरून हलक्या हातानं खरवडा. तांबं असेल तर कितीही खरवडा लालच दिसतं. सीसीए असेल तर दोन-तीन ओढीतच खालून पांढुरका रंग वर येतो. इथं एक गल्लत होते, टिन चढवलेल्या तांब्याची तार उलटी असते, बाहेरून पांढरी आणि खरवडली की लाल, ती वायर चांगली आहे, तिला टाकून देऊ नका. दुसरी तपासणी लायटरची, तार ज्योतीत धरली की तांब्याची लाल होते आणि तशीच राहते, अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, त्यामुळं सीसीएची तार लोळागोळा होऊन टोकाला छोटा मणी तयार होतो. हे बाहेर अंगणात करा, कव्हर जळू देऊ नका. आणि तिसरं म्हणजे वजन, दोन बंडलं दोन हातात घेतली की न मोजता कळतं.

ऑक्सिजन-फ्री कॉपर म्हणून जे जास्त पैसे घेतात त्यातला आणि साध्या चांगल्या तांब्यातला कंडक्टिव्हिटीचा फरक एक टक्क्याच्या आसपास आहे. चांदीचा पाच-सहा टक्के. म्हणजे अडीच एमएम चांदीची बरोबरी करायला तांबं २.६५ एमएम लागतं, एवढंच. त्याच्यासाठी चांदीच्या भावानं वायर घ्यायची का ते तुम्ही बघा, मी घेणार नाही.

जॉइंट, पिना आणि प्लस-मायनस

वायर चांगली असून जॉइंट खराब, हे आमच्याकडं फार दिसतं. धूळ असते, उन्हाळ्यात ४२-४३ अंश आणि पावसाळ्यात दमट, तांबं काळं पडणारच. स्पीकरच्या मागचा टर्मिनल सोडवून बघा, दोन-चार वर्षांपूर्वी लावलेल्या वायरचं टोक तपकिरी-काळं झालेलं असतं, कुठं हिरवट पूड धरलेली असते, अर्ध्या तारा तुटून एक-दोन तारांवरच सगळं चाललेलं असतं. ते टोक सेंटिमीटरभर कापून टाका, नवीन सोला, घट्ट पीळ द्या आणि आवळा. मधे वायर कमी पडली म्हणून पीळ मारून वर टेप गुंडाळली असेल तर ती काढा, मे महिन्यात टेपचा डिंक वितळून ती सुटते आणि जॉइंट ढिला होतो, तिथं सोल्डर करून वर हीटश्रिंक स्लीव्ह चढवा, नाहीतर सरळ अखंड वायर टाका. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला मात्र सोल्डर भरू नका, सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही महिन्यांनी स्क्रू ढिला लागतो. तिथं थिंबल (टोकावर दाबायची धातूची टोपी) दाबून बसवा किंवा बनाना प्लग.

आरसीए पिनांचं, म्हणजे सीडी प्लेअर-अ‍ॅम्प्लिफायरच्या मागं लागतात त्या लाल-पांढऱ्या गोल पिनांचं, पण तसंच. आणि इथं एक गंमतीची नाही, खरोखर महत्त्वाची गोष्ट आहे: जुनी केबल काढून नवीन लावताना सॉकेटवरचा मळ आपोआप घासला जातो. म्हणजे नवीन केबल लावल्यावर आवाज खरंच सुधारतो, खरखर जाते, एका बाजूचा दबलेला आवाज उघडतो, आणि माणूस श्रेय केबलला देतो. म्हणून तुलना करायच्या आधी जुनीच केबल पाच-सहा वेळा काढघाल करा, कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून पिना आणि सॉकेट पुसा, आणि मग ऐका. बऱ्याच लोकांची खरेदी इथंच रद्द होते.

प्लस-मायनस तर लई मोठा विषय. एका स्पीकरला वायर उलटी लागली की दोन कोन उलट-सुलट हलतात, बेस गायब होतो आणि गाणाऱ्याचा आवाज मधे न राहता खोलीभर पसरतो. वायर बदलताना चुकून उलटं झालेलं सुलटं होतं किंवा सुलट्याचं उलटं, आणि दोन्ही वेळा "नवीन केबलनं आवाज बदलला" असंच वाटतं. तपासायला दीड व्होल्टचा सेल घ्या, अ‍ॅम्प्लिफायरकडून सोडवलेल्या टोकांना क्षणभर टेकवा, वूफर बाहेर ढकलला गेला तर सेलचं प्लस ज्या तारेला आहे ती प्लस. दोन्ही स्पीकरचं सारखं आलं की झालं. ट्वीटरला (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) हे करू नका.

डाव्या-उजव्या वायरची लांबी सारखीच पाहिजे असंही सांगतात. गरज नाही. एकीकडं तीन मीटर आणि दुसरीकडं आठ असली तरी वेळेचा फरक सेकंदाच्या कोट्यवधी भागांपैकी दोन-तीन भाग एवढा असतो, कानाला त्याचा पत्ता लागत नाही. जाडी पुरेशी आहे ना तेवढं बघा.

घूं आवाज येतो तेव्हा

मराठवाड्यात केबलच्या नावावर जेवढा पैसा जातो त्यातला बराचसा ह्या घूं आवाजापायी जातो, आणि तो बहुतेक वेळा केबलचा नसतोच. परभणीत ओळखीच्या एका काकांकडं गेलो होतो, शास्त्रीय संगीताचा नाद, आलाप सुरू व्हायच्या आधी जी शांतता असते ती त्यांना पाहिजे, आणि तिथं सतत घूं. "काहून येऊ लालंय हे, केबल पण बदलली," म्हणे. महागातली आरसीए आणलेली. मी डिशच्या सेटटॉप बॉक्सची स्क्रूवाली वायर मागून फिरवून काढली, आणि घूं जागच्या जागी बंद. परत लावली की परत सुरू. काका खुर्चीवरून उठून स्वतः दोन-तीनदा काढघाल करून बसले.

ह्याला ग्राउंड लूप म्हणतात. अ‍ॅम्प्लिफायर एका बोर्डावर अर्थला जोडलेला, डिशची वायर गच्चीवर दुसऱ्या कशाला टेकलेली, दोन ठिकाणच्या अर्थमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक, मग त्या फरकानं करंट आरसीए केबलच्या शिल्डमधून (आतल्या तारेभोवतीची धातूची जाळी) वाहतो आणि ५० हर्ट्झचा घूं होऊन स्पीकरातून निघतो. शिल्ड जाड आणि केबल आखूड असेल तर घूं थोडा कमी होतो, म्हणून महाग केबलनं किंचित फरक वाटूही शकतो, पण मूळ तसंच राहतं.

शोधायचं क्रमानं. अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवून दर वेळी व्हॉल्यूम शून्यावर आणा, एकेक सोर्स (सेटटॉप, सीडी प्लेअर वगैरे) मागून काढा, आणि व्हॉल्यूम परत तेवढाच करून ऐका. सगळं काढूनही घूं राहिला तर दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या आत आहे, फिल्टरचे कपॅसिटर म्हातारे झाले की १०० हर्ट्झचा घूं येतो, तो ५० पेक्षा एक सप्तक चढा आणि किरकिरा लागतो, मेकॅनिककडं न्या. एखादा सोर्स काढल्यावर थांबला तर तोच. मग सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या, टीव्ही किंवा सेटटॉपचा आवाज ऑप्टिकल केबलनं घ्या, कारण त्यात धातूच नसतो, लूप होणार कुठून. ते जमत नसेल तर डिशच्या वायरला आयसोलेटर किंवा आरसीएला छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर.

आणि अर्थिंग बघा, खरंच बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि अर्थचा रेझिस्टन्स वाढतो. दिवाळीत नीट असलेली सिस्टीम एप्रिल-मे मध्ये घूं करायला लागली तर खड्ड्यात दोन-चार बादल्या पाणी टाका आणि दुसऱ्या दिवशी ऐका. पण एक करू नका, घूं जातो म्हणून प्लगची अर्थची पिन तोडू नका, आणि अर्थ न्यूट्रलला जोडू नका. धातूची बॉडी असलेल्या मशीनमध्ये आत काही सुटलं तर ती पिनच माणूस वाचवते.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर जो चिरका बझ येतो तो स्क्वेअर वेव्हचा, साइन वेव्ह इन्व्हर्टर लागतो त्याला. पॉवर केबलवर हजारो रुपये घालायचे तर एवढं बघा की डीपीपासून घरापर्यंत वीज शेकडो मीटर साध्या तारेतून येते, शेवटच्या दीड मीटरनं त्यात काय बदलणार. ढिला सॉकेट बदला, संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझर लावा, ते पैसे वसूल होतात.

आरसीए, टर्नटेबल आणि डिजिटल

सीडी प्लेअर किंवा डॅकपासून (डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी डबी) अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतच्या आरसीएत करंट नावालाच असतो. पुढचा इनपुट १० हजार ओहमच्या वर असतो, त्यामुळं वायरच्या रेझिस्टन्सचा काही संबंध येत नाही. उरतं कपॅसिटन्स, म्हणजे केबलमध्ये चार्ज साठायची क्षमता. एका मीटरला १०० पिकोफॅरड धरले, दोन मीटर केबल, सोर्स १ हजार ओहमचा, तरी आवाज कापला जायला सुरुवात होते ती ८ लाख हर्ट्झच्या आसपास, आणि आपल्या कानाची हद्द २० हजार. शिल्ड नीट आहे, पिना घट्ट बसतात, बस. काही केबलवर बाण असतो, शिल्ड एकाच टोकाला जोडलेली असेल तर त्या बाणाला अर्थ आहे, नाहीतर सिग्नल स्वतःच सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होतो, त्याला दिशा कसली.

ज्यांच्याकडं जुन्या रेकॉर्ड आहेत त्यांनी मात्र इथं लक्ष द्या, कारण टर्नटेबलला केबलनं खरंच फरक पडतो. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजच्या, म्हणजे रेकॉर्डची सुई ज्यात बसते त्या डबीच्या, कॉइलचं इंडक्टन्स मोठं असतं, त्यात केबलचं कपॅसिटन्स मिसळलं की वरच्या सुरात एक फुगवटा तयार होतो आणि त्याच्यापुढं आवाज पडतो. बऱ्याच कार्ट्रिजच्या कागदावर ४७ हजार ओहम आणि किती पिकोफॅरड पाहिजे ते लिहिलेलं असतं, १५० ते ३०० असं काहीतरी. टोनआर्मची वायर, केबल आणि फोनो इनपुट तिन्हीचं मिळून त्याच्यात बसलं पाहिजे. म्हणून इथं केबल आखूड आणि कमी कपॅसिटन्सची घ्या, मीटरला कपॅसिटन्सची रेंज असेल तर मोजूनच घ्या. पेटी, सारंगी, तंबोऱ्याच्या तारा ह्यांचा उजाळा ह्याच भागात असतो, त्यामुळं चुकीची लांबडी केबल लगेच कळते.

एचडीएमआय, यूएसबी, ऑप्टिकल हे लवकर संपवतो. त्यातून आकडे जातात. केबल खराब असली तर आवाज तुटतो, टक-टक येतं, चित्रात ठिपके येतात. "गोडवा" कमी-जास्त होत नाही. कॉम्प्युटरच्या यूएसबीमधून कधी कधी खरखर येते, ती ग्राउंडमधून येणारी असते, तिचा उपाय वर सांगितलाय.

कानानं ठरवायचं तर असं

एवढं सगळं केल्यावरही कुणी म्हणेल की मला फरक ऐकू येतोय, तर त्याला खोटं म्हणायचं काही कारण नाही. त्याला ऐकू येतंयच. प्रश्न एवढाच आहे की ते केबलमधून येतंय का, आणि ते डोळे उघडे ठेवून कळत नाही. किंमत माहीत असली, नवीन वस्तू समोर दिसत असली की आपण जास्त लक्ष देऊन ऐकतो आणि जास्त ऐकू येतं, हे सगळ्यांचंच होतं, गवयाचं पण आणि इंजिनिअरचं पण. शिवाय डोकं वीतभर इकडं-तिकडं झालं तरी खोलीत आवाज बदलतो, आणि जिचा आवाज किंचित मोठा ती बाजू कायम चांगली वाटते.

आरसीएची टेस्ट सगळ्यात सोपी. सोर्सला वाय-कनेक्टर लावा, एक केबल अ‍ॅम्प्लिफायरच्या सीडी इनपुटला, दुसरी ऑक्सला. आता रिमोटच्या एका बटणावर दोन्ही केबल बदलता येतात, मधे सेकंदाचाही खंड नाही. हे महत्त्वाचं आहे कारण बारीक फरक कानाच्या लक्षात काही सेकंदच राहतो, वायर काढून दुसरी लावेपर्यंत पाच मिनिटं गेली की आपण आठवणीशी तुलना करायलोत, आवाजाशी नाही.

स्पीकरच्या वायरला आधी व्होल्टेज जुळवा. फोनवर टोन जनरेटरचं अ‍ॅप घ्या, २०० हर्ट्झचा सूर मध्यम आवाजात लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजा, वायर बदलून परत मोजा. ३ व्होल्टला फरक ०.०३ च्या आत असेल तर एक टक्का झाला, म्हणजे ०.१ डेसिबलच्या आत, चालतंय. जास्त असेल तर एक वायर बारीक आहे किंवा जॉइंट ढिला आहे, उत्तर तिथंच मिळालं. मग डाव्या स्पीकरला जुनी, उजव्याला नवी लावून अ‍ॅम्प्लिफायर मोनोवर टाका, एकट्या गळ्याचं काहीतरी लावा, आणि मधोमध बसा. आवाज एका बाजूला झुकला तर वायरांची अदलाबदल करा, झुकाव वायरसोबत दुसरीकडं गेला तर वायरचा, नाही गेला तर खोलीचा किंवा स्पीकरचा. वायर बदलताना दर वेळी अ‍ॅम्प्लिफायर बंद, शॉर्ट झाला तर आउटपुट जाईल.

आता खरी परीक्षा. भाचा-पुतण्या कुणीतरी बसवा अ‍ॅम्प्लिफायरजवळ, तुम्ही पाठ करून बसा. त्यानं दर वेळी नाणं उडवायचं, छापा आला तर पहिली केबल, काटा आला तर दुसरी, कागदावर लिहून ठेवायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. तुम्ही तुमच्या कागदावर लिहायचं. गाणं तेच, तोच तुकडा, लागेल तेवढा वेळ. १० फेऱ्या करा. निस्ता अंदाज मारला तरी १० पैकी ८ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता साडेपाच टक्के आहे, ९ किंवा जास्तची एक टक्का. म्हणून ९ आले तर मानायचं, ६-७ ला उड्या मारायच्या नाहीत. आमच्या मित्रांमध्ये ज्यांनी डोळे उघडे असताना छातीठोकपणे सांगितलं होतं ते पाठ करून बसल्यावर अर्ध्यावरच येऊन थांबले, आणि त्यात कानाचे पक्के लोक होते, तबला लावताना पाव सुराचा फरक धरणारे.

हे आजचं नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या स्टिरिओ रिव्ह्यू मासिकानं स्पीकरच्या वायरांची अशी टेस्ट घेतली होती, त्यात एकदम बारीक वायर ओळखू आली, पण साधी जाड वायर आणि महागडी केबल ह्यांच्यात गाणं ऐकून फरक सांगता आला नाही. २००७ मध्ये जेम्स रँडी ह्यांनी महागड्या स्पीकर केबलचा फरक न बघता ओळखून दाखवणाऱ्याला १० लाख डॉलर देऊ केले होते, ती परीक्षा शेवटपर्यंत झालीच नाही.

केबल शंभर तास वाजवली की "खुलते" असंही सांगतात. तांब्यात असं काही मोजून दाखवता आलेलं नाही, शंभर तासात सवय कानाला होते.

वाचलेल्या पैशाचं काय

खोली. आपल्याकडं शहाबादी फरशी, उघड्या भिंती, वर स्लॅब किंवा पत्रा. हॉलच्या मधे उभं राहून एक टाळी वाजवा, मागून टर्रर्र असा आवाज आला की समजा तुमच्या सिस्टीमचा अर्धा आवाज तिथं खराब व्हायलाय. जाड सतरंजी, एका भिंतीला गोधडी किंवा पुस्तकाचं कपाट, खिडकीला जड पडदा, एवढ्यानं जो फरक पडतो तो पाठ करून बसलं तरी पहिल्या फेरीत कळतो. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हात-दीड हात पुढं घ्या, ट्वीटर कानाच्या उंचीला. जुन्या माळवदाच्या घरात मातीच्या जाड भिंती आणि लाकडी छत असतं, तिथं ऐकून बघा कधी, साधे स्पीकर पण किती निवांत वाजतात.

वायर आणायला संभाजीनगरच्या गुलमंडीवर जा नाहीतर लातूरच्या गंजगोलाईत, साऊंडच्या शोरूमपेक्षा इलेक्ट्रिकच्या दुकानात आधी विचारा. "अडीच एमएम, फ्लेक्झिबल, पूर्ण तांबं, आयएसआय" एवढं म्हणा. खिशात ब्लेड ठेवा आणि पैसे द्यायच्या आधी टोक खरवडून बघतो म्हणून सांगा, चांगला दुकानदार स्वतःच तुकडा कापून देतो. जो "हात लावू नका, पॅक आहे" म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका. लाल आणि काळी दोन वेगळ्या वायरी घेतल्या तर त्यांना हलका पीळ मारून घ्या. आरसीए घ्यायची तर पिन सॉकेटवर बसवून बघा, ती फिरवावी लागली पाहिजे, नुसती सरकून आत जाणारी नको. पी-३८ (जाड जॅक पिन) किंवा ईपी (हेडफोनसारखी बारीक) पिना असतील तर कव्हर उघडून आतलं सोल्डरिंग बघा, शिल्डची एखादी तार मधल्या पिनेकडं डोकावायली असेल तर ती केबल बाजूला ठेवा आणि दुसरी मागा. आणि तरीसुद्धा ती चकचकीत डबीतली मनात बसलीच असेल, तर दुकानदाराला आधी विचारा की मामा, आठ दिवसात परत घ्याल का, घेतो म्हटलं तर बिलावर लिहून घ्या, घरी न्या, आणि पाठ करून बसा.